चेक कुळाच्या नावावर, पैसा जमिनीच्या पोटात : आयोवातलं पीक अनुदान

मक्याकाठी

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागातल्या एका छोट्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मी गेली ११ वर्षं शेतकऱ्यांची टॅक्स रिटर्न्स भरते. इथल्या बहुतेक शेतकऱ्यांचं रिटर्न १ मार्चपर्यंत जातं, त्यामुळे फेब्रुवारीत आमच्याकडे दिवस पुरत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत १०९९-जी नावाचा एक कागद असतो. सरकारने वर्षभरात शेतीपोटी किती पैसे दिले ते त्यावर असतं आणि तो आकडा शेड्यूल एफ या शेतीच्या कर-फॉर्मच्या चौथ्या ओळीत भरायचा. ती ओळ भरताना मला दरवर्षी एकच प्रश्न पडतो, तो आज इथे मांडते.

गेल्या मोसमात एक तरुण शेतकरी आला. स्वतःची जमीन शून्य. सगळी ६०० एकर रोख खंडाने, म्हणजे कॅश रेंटवर. निम्म्यात मका, निम्म्यात सोयाबीन. (आकडे गोल केलेत, ओळख पटू नये म्हणून.) २०२४ च्या पिकासाठी केंद्र सरकारने २०२५ च्या मार्चमध्ये आपत्कालीन मदत काढली होती : मक्याला एकरी ४२.९१ डॉलर, सोयाबीनला २९.७६. त्याच्या पेऱ्याला जाहीर दराने २१,८०१ डॉलर होतात, आणि पहिला हप्ता त्याच्या ८५ टक्के. बियाणं, खत, डिझेल सगळं महाग आणि मक्याचा भाव पडलेला, अशा साली ही रक्कम म्हणजे बुडत्याला काठी.

त्याच पिशवीत नव्या कराराचा मसुदाही होता. मालकीणबाई दुसऱ्या राज्यात राहतात, वय झालेलं, जमीन माहेरून आलेली. त्यांच्या व्यवस्थापकाने लिहिलं होतं की यंदा सरकारी मदत आली आहे, तेव्हा खंड एकरी २० डॉलर वाढवावा. ६०० एकरांचे १२,००० झाले. मदत एकदाच मिळाली, खंड मात्र दरवर्षी द्यायचा.

त्याने मला विचारलं, "मग हे पैसे नक्की कोणासाठी आले?"

माझं मत स्पष्ट आहे. या देशात अनुदानाचा चेक पेरणाऱ्याच्या नावाने निघतो, पण पैसा हळूहळू जमिनीत मुरतो. आधी खंडात, मग जमिनीच्या भावात. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने किंवा बटईने कसली जाते. सुमारे दोन-तृतीयांश जमिनीचे मालक पासष्टीच्या पुढचे आहेत. २०२३ मध्ये राज्यातल्या जमिनीचा सरासरी भाव एकरी ११,८३५ डॉलर होता. बापाकडून जमीन न मिळालेल्या मुलाने शेतीत यायचं कसं?

तुमच्यापैकी कोणी शेतीच्या भागात राहत असेल तर तुमच्याकडचा अनुभव लिहा. वेगळं मत असलं तर तेही ऐकायचं आहे.

---

नवखा_पाहुणा

धागा आवडला. मी शिकागोत असतो, पण शेतीचं काही कळत नाही. एक मूलभूत शंका. कोणी म्हणतं, काहीही न पेरता पैसे मिळतात. कोणी म्हणतं, भाव पडला तरच मिळतात. खरं काय?

---

मक्याकाठी

दोन्हीत तथ्य आहे. थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी चर्चा यावरच आहे.

मुख्य शब्द 'बेस एकर'. आपल्याकडे सातबाऱ्यावर एखादी जुनी नोंद कायम राहते ना, तसा हा प्रकार. त्या जमिनीत पूर्वी, ठरावीक वर्षांत, कुठलं पीक किती एकर होतं यावरून तिला मक्याचे इतके, गव्हाचे इतके असे बेस एकर बांधून दिलेले असतात. ते शेतकऱ्याचे नसतात, जमिनीचे असतात. जमीन विकली की तेही सोबत जातात. २०१४ च्या शेती कायद्यात मालकांना ही वाटणी २००९ ते २०१२ च्या पेऱ्याप्रमाणे एकदा बदलून घेता आली होती.

आता या बेसवर दोन योजना आहेत, पीएलसी आणि एआरसी. पीएलसीमध्ये कायद्याने एक संदर्भ किंमत ठरते. देशातला वर्षाचा सरासरी भाव त्याखाली गेला की फरक मिळतो. पण तो तुम्ही यंदा काढलेल्या पिकावर मिळत नाही. समजा १०० एकर मक्याचा बेस आहे, नोंदवलेला उतारा एकरी १२० बुशेल (धान्य मोजायचं इथलं माप) आणि फरक बुशेलमागे २० सेंट. बेसचे ८५ टक्केच धरतात, म्हणजे ८५ गुणिले १२० गुणिले ०.२०, झाले २,०४० डॉलर. यंदा तुम्ही तिथे मक्याऐवजी सोयाबीन पेरलं असेल तरी आकडा तोच.

एआरसीमध्ये संपूर्ण काउंटीचं एकरी उत्पन्न बघतात. सरासरीच्या ८६ टक्क्यांखाली गेलं तर भरपाई सुरू. २०२५ च्या पिकापासून ते ९० टक्के झालं आहे. तुमच्या एकट्याच्या शेतावर गारपीट झाली आणि बाकी काउंटी ठणठणीत असली तर एआरसीत काही हाती लागत नाही.

'काही न पेरता पैसे' ही गोष्ट मुख्यतः जुन्या थेट अनुदानाची. १९९६ च्या कायद्यातून त्याची सुरुवात झाली आणि २०१४ च्या कायद्याने ते बंद झालं. वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर जायचे, भाव चढा असो की पडलेला. २०१२ च्या दुष्काळात मका बुशेलला ८ डॉलरच्या वर गेला, तेव्हाही ते चालूच होतं.

---

कोरडवाहू

मक्याकाठी, तुमची तळमळ कळते, पण तुमचा चष्मा आयोवाचा आहे. तिथे काळी कसदार जमीन आणि वेळेवर पाऊस. मी पश्चिम कॅन्ससमध्ये १६ वर्षं पशुवैद्य म्हणून काम करतो आहे. इथे वर्षाचा पाऊस २० इंचांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. गहू, ज्वारी आणि गुरं.

२०२३ चा गहू दुष्काळाने असा बसला की १९६० च्या दशकानंतर कॅन्ससमध्ये इतकं कमी पीक निघालं नव्हतं. लोकांनी उभी शेतं कापलीच नाहीत, कारण कापणीचा खर्चही निघत नव्हता. त्या उन्हाळ्यात आमच्या गावातलं दुकान, शाळा, धान्य साठवणारी सहकारी संस्था, माझा दवाखाना, सगळं कशावर उभं राहिलं? पीक विम्यावर. आणि विमा परवडतो तो सरकार सरासरी हप्त्याचा ६० टक्क्यांहून जास्त भार उचलतं म्हणून.

पैसा जमिनीत मुरतो हे मान्य. पण आधी तो गावातून फिरतो. शेतकरी खताच्या दुकानाची उधारी देतो, दुकानदार पोराच्या दाताच्या डॉक्टरला देतो. इथून ४० मैलांवरचं एक गाव माझ्या डोळ्यांसमोर रिकामं झालं. हायस्कूल बंद पडलं की मागोमाग सगळं जातं. अनुदान नसतं तर आमचंही तेच झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

---

अंजनवेल

कोरडवाहू यांच्या प्रतिसादाला +१. माझे सासरे नेब्रास्कात शेती करायचे. ८० च्या दशकातल्या शेती संकटात व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले आणि आजूबाजूची कितीतरी घरं लिलावात गेली. ते सांगायचे, तेव्हा रोख पैशाऐवजी सरकारी धान्याच्या पावत्या मिळाल्या म्हणून तग धरला. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना अनुदान बंद करा म्हणणं सोपं नाही.

---

मक्याकाठी

कोरडवाहूजी, अंजनवेलताई, अनुदान बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. गावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही दोन शाळा एकत्र झाल्या, आता मुलं बसने २५ मैल जातात.

पण विम्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. पीएलसी-एआरसीला माणशी मर्यादा तरी आहे. ती १,२५,००० डॉलर होती, २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने १,५५,००० झाली. विम्याच्या हप्त्यावरच्या अनुदानाला मर्यादाच नाही. २०,००० एकर कसणाऱ्यालाही तोच टक्का आणि ३०० एकरवाल्यालाही तोच. मग पुढच्या लिलावात जमिनीवर चढी बोली कोण लावणार? तुमच्या गावात शेतकरी किती उरले, याचा या पैशाशी संबंध आहे असं तुम्हाला वाटत नाही का?

---

कोरडवाहू

वाटतं. मी आलो तेव्हा ज्या रस्त्यावर ९ घरांत माझी ये-जा होती, तिथे आज ३ घरं आहेत. जमीन तेवढीच आहे.

पण मोठ्याला कमी, छोट्याला जास्त असं करायला गेलं की कागदावर शेतं फुटतात. माणशी मर्यादा म्हटलं की बायको, भाऊ, पुतणे सगळे भागीदार होतात. भागीदारीत प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरतात ना?

---

मक्याकाठी

हो. सर्वसाधारण भागीदारीत प्रत्येक सक्रिय भागीदाराला स्वतंत्र मर्यादा. सक्रिय म्हणजे अंगमेहनत किंवा व्यवस्थापन. आता नव्या कायद्याने काही प्रकारच्या कंपन्यांनाही तशीच वागणूक दिली आहे. हे कागद मीच तयार करते, त्यामुळे ते कायदेशीर असतात हे मला माहीत आहे. तरी ते भरताना मला समाधान वाटत नाही.

---

डेल्टाकाठ

मी आर्कान्सामध्ये भात आणि कापसाच्या पट्ट्यात राहतो, शाळेत शिकवतो. 'चेक एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा' हा प्रकार आजचा नाही, अनुदान जन्मलं तेव्हापासूनचा आहे. इथल्या मातीत ती आठवण ताजी आहे म्हणून जरा लांबण लावतो.

मे १९३३ मध्ये रूझवेल्टच्या काळात पहिला कृषी समायोजन कायदा झाला. शेतीमंत्री हेन्री वॉलेस, तुमच्याच आयोवाचे. भाव पडले होते, कारण माल फार झाला होता. म्हणून सरकारने ठरवलं, पेरा कमी करा आणि त्याबद्दल पैसे घ्या. त्या वर्षी सुमारे १ कोटी एकर उभा कापूस नांगरून टाकला गेला. लोक भुकेले असताना सुमारे ६० लाख लहान डुकरं मारली गेली, त्यावरही देशभर ओरड झाली.

दक्षिणेत जमीन मालकाची आणि राबणारी कुळं बटईची, त्यांत काळे आणि गोरे दोन्ही. सरकारने करार केला मालकाशी. कुळाचा वाटा मालकाने द्यायचा होता. पुष्कळ ठिकाणी तो दिलाच गेला नाही. वर, पेरा कमी झाला तर एवढी कुळं कशाला, म्हणून घरंच्या घरं हाकलली. मग १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून दक्षिणी कूळ शेतकरी संघटना काढली. त्या काळात, या भागात, दोघांनी एका खोलीत बसून सभा घेणं म्हणजे जिवावरचा प्रसंग. सभांवर हल्ले झाले, लोकांना मारहाण झाली.

वॉशिंग्टनमध्येही शेती खात्यातल्या काही वकिलांनी कुळांची बाजू घेतली. करारात असलेली माणसं जमिनीवरच ठेवली पाहिजेत, असा अर्थ त्यांनी लावला. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना त्यापायी पदावरून जावं लागलं. वॉलेस त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. पुढे १९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला आणि १९३८ मध्ये नवा आला.

मी हे मुलांना शिकवतो तेव्हा वर्गातल्या काहींचे आजोबा-पणजोबा त्या हाकललेल्या घरांतले निघतात. ती मुलं घरून ऐकलेलं सांगतात. पुस्तकात नसलेलं त्यांच्याकडून मला कळतं.

---

अंजनवेल

डेल्टाकाठ, फार मोलाचं लिहिलंत. मी या देशात ३० वर्षं आहे, हे कधी ऐकलं नव्हतं. काळ्या शेतकऱ्यांच्या नंतरच्या खटल्याबद्दलही लिहाल का?

---

डेल्टाकाठ

थोडक्यात. कर्ज आणि मदत देताना कृषी खात्याने काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केला, असा पिगफर्ड खटला होता. १९९९ मध्ये त्यात तडजोड मंजूर झाली. यात काउंटी समित्यांची भूमिका होती. या समित्या स्थानिक शेतकरी निवडून देतात, ३ ते ११ सदस्य. कल्पना लोकशाहीची, पण ज्या गावात एकाच बाजूची सत्ता तिथे समितीही तिचीच. आजही समितीची निवडणूक होते, मतपत्रिका टपालाने येते आणि अनेकजण ती उघडत नाहीत. कुळालाही मत आहे, हे मक्याकाठी तुम्ही तुमच्या त्या तरुणाला जरूर सांगा.

---

ओंजळ

मी एका कृषी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. मक्याकाठी, तुमच्या मूळ विधानाला एक दुरुस्ती सुचवते, राग मानू नका.

पुस्तकी सिद्धान्त सांगतो की जमिनीला चिकटलेलं अनुदान जवळपास सगळंच मालकाकडे जाईल, कारण जमीन वाढत नाही आणि कसायला माणसं रांगेत असतात. पण बॅरेट किर्वन यांनी १९९२ आणि १९९७ च्या शेती गणनेवरून शेत-निहाय आकडे तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खंडाच्या वाटेने मालकाकडे गेला तो डॉलरमागे सुमारे २५ सेंट. म्हणजे बराचसा वाटा कसणाऱ्याकडे राहिला. खंडाचे करार लगेच बदलत नाहीत, मालक-कूळ पिढ्यानुपिढ्या ओळखीचे असतात, पुष्कळदा एकाच चर्चमध्ये शेजारी बसतात. ओळखीचा माणूस शेवटचा डॉलर पिळून घेत नाही.

---

मक्याकाठी

राग कसला, उलट आभार. मी घाईने 'सगळा पैसा मुरतो' अशा सुरात लिहिलं, ते तेवढं खरं नाही.

पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडखळले. चर्चमध्ये शेजारी बसणारे मालक कमी होताहेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या करारांत मालक फिनिक्समध्ये, डॅलसमध्ये, सिएटलमध्ये. आजोबांचं शेत चार नातवंडांत वाटलेलं, मध्ये व्यवस्थापन कंपनी. त्यांना शेत म्हणजे वर्षातून दोनदा येणारी रक्कम. १९९७ मधला पंचवीस सेंटांचा हिशोब आजच्या नात्यांना लागू होईल का? २०२४ मध्ये आयोवाचा सरासरी रोख खंड एकरी २७९ डॉलर होता, २०२३ इतकाच, आणि त्याच काळात मक्याचा भाव बराच खाली आला होता. खंड चढतो तेव्हा भराभर चढतो, उतरताना मात्र पाय रेंगाळतात.

---

ओंजळ

हा प्रश्न रास्त आहे. मालक दूर गेला की नातं पातळ होतं, हे मलाही पटतं. विद्यार्थ्यांसमोर हा मुद्दा मांडेन.

---

नदीपल्याड

उशिरा येतोय. आम्ही मिनेसोटाच्या सीमेजवळ. माझी बायको इथलीच, तिचा भाऊ शेती करतो. काउंटीवरून आठवलं.

२०१४ च्या कायद्यानंतर पहिल्यांदा एआरसी निवडायचं की पीएलसी, हे पाच वर्षांसाठी एकदाच ठरवायचं होतं. मका-सोयाबीनवाल्यांनी बहुतेक सगळ्यांनी एआरसी घेतलं, मक्याचे तर ९३ टक्के बेस एकर त्यात गेले. मग पैसे यायला लागले तेव्हा रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. मधल्या रस्त्यावर काउंटीची हद्द, माती तीच, पाऊस तोच. एका काउंटीच्या उताऱ्याचा सरकारी आकडा जास्त निघाला म्हणून तिला कमी किंवा शून्य. भर म्हणजे काहींचं शेत एका काउंटीत आणि कागद दुसऱ्या काउंटीच्या ऑफिसात. त्यांना ऑफिसच्या काउंटीचा दर. माझा मेहुणा आणि त्याचा शेजारी यांच्यात बोलणं बंद व्हायची पाळी आली होती. दोघांचाही दोष नव्हता.

२०१८ च्या कायद्याने ते सुधारलं. शेत प्रत्यक्ष जिथे आहे तिथला दर, आणि उताऱ्यासाठी आधी विम्याच्या नोंदी. २०१९ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई आली तेव्हा मात्र पुन्हा काउंटीनिहाय दर, एकरी १५ पासून १५० डॉलरपर्यंत. पुन्हा तीच तुलना, पुन्हा तीच कटुता.

---

कोरडवाहू

नदीपल्याड, अगदी असंच आमच्याकडे झालं. पैशापेक्षा शेजाऱ्याला जास्त मिळाले याचं दुःख मोठं असतं, आणि ते खोटं नसतं.

---

नवखा_पाहुणा

सगळ्यांचे आभार, चार दिवस झोपायच्या आधी हा धागाच वाचतोय. मक्याकाठी, त्या तरुणाचं पुढे काय झालं?

---

मक्याकाठी

त्याची परवानगी घेऊन लिहिते.

आयोवात शेताचा करार मोडायचा असेल तर १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर तो आपोआप पुढच्या वर्षाला चालू राहतो. नोटीस आलीच नव्हती. म्हणजे व्यवस्थापकाचा मसुदा ही फक्त मागणी होती, त्याच्यावर बंधन नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही पहिल्या भेटीत सुचलं नाही, याची मला रुखरुख आहे.

पण त्याला भांडायचं नव्हतं. जमीन हातची गेली तर दुसरी कुठे मिळणार? मग त्याने व्यवस्थापकाला वगळून थेट मालकीणबाईंना पत्र लिहिलं. हाताने, दोन पानं. खर्च किती, पीक किती, मदत किती आणि ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही, हे सगळं त्यात होतं. सोबत काउंटीच्या ऑफिसातून त्यांच्याच शेताची नोंद काढून जोडली, ज्यावर बेस एकर आणि उतारा असतो तो कागद.

बाईंचा फोन आला. त्या ८१ वर्षांच्या आहेत. आपल्या जमिनीला बेस एकर नावाचं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. लहानपणी वडील मक्याबरोबर ओट्सही पेरायचे, तो बेस कुठे गेला असं त्यांनी विचारलं. अर्धा तास त्या वडिलांबद्दल बोलत होत्या. शेवटी ठरलं ते असं : खंड एकरी ६ डॉलरने वाढेल आणि करार तीन वर्षांचा. पुढे कधी आपत्कालीन मदत आली तर त्यावरून खंड बदलायचा नाही, हे लेखी.

बाईंना तो कागद नीट वाचता येत नव्हता, अक्षर बारीक. मी तो मोठा करून छापला आणि काल टपालात टाकला. यंदाच्या एआरसी-पीएलसीच्या आकड्यांसाठी माझ्याकडे अजून १४ जण यायचे आहेत, तेव्हा आठवडाभर इथे येणं जमणार नाही. डेल्टाकाठ, समितीच्या मतपत्रिकेबद्दल त्याला सांगितलं. गेल्या वेळची त्याच्या ट्रकच्या कप्प्यात तशीच बंद पडलेली होती.